गावाकडे पोलिसांनी नेलेल्या मुलाचा पत्ता इंदूरहून कसा लावायचा?

सुदामानगरची ताई (प्रश्न, बुधवार)

नमस्कार मंडळी. इथे कोणी वकिलीतलं किंवा पोलिस खात्यातलं असेल तर कृपा करून वाचा, घाई आहे.

आमच्याकडे सतरा वर्षांपासून काम करणाऱ्या मावशी पश्चिमेकडच्या आदिवासी जिल्ह्यातल्या आहेत. गाव धारच्याही बरंच पुढे, आणि गाव म्हणजे टेकड्यांवर विखुरलेले फलिये, म्हणजे छोट्या वस्त्या. त्यांचा धाकटा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, इथे पालद्याला एका कारखान्यात कामाला जातो. भगोऱ्याच्या (होळीआधीच्या आदिवासी मेळ्याच्या) हाटाला म्हणून गावी गेला आणि गेल्या शुक्रवारपासून त्याचा फोन बंद आहे. मावशींचा भाचा सांगतो की हाटात दोन फलियांच्या पोरांची मारामारी झाली, पोलिसांनी सात-आठ जणांना गाडीत घालून नेलं, त्यात हा होता. गाडी कोणत्या थान्याची ते त्याला नक्की माहीत नाही, कारण तो हाट दोन थान्यांच्या हद्दीवर भरतो.

आज सहावा दिवस. मावशींनी एक दिवस खाडा केलेला नाही. भांडी घासता घासता मध्येच हात थांबतो, नळ वाहत राहतो आणि त्यांना कळतही नाही. काल मला म्हणाल्या, "बाई, त्याला सोडून द्या असं मी म्हणत नाही. कुठे ठेवलाय तेवढं कळलं तर भाकर घेऊन जाईन."

मी काय केलं ते सांगते. मध्य प्रदेश पोलिसांच्या पोर्टलवर तो जिल्हा निवडून दोन्ही थान्यांच्या शुक्रवारपासूनच्या एफआयआर एकेक करून वाचल्या. मोटारसायकलची चोरी, अवैध दारू, एक अपघात. हाटातल्या मारामारीची एकही नाही. ई-कोर्ट्सवर, म्हणजे न्यायालयांच्या वेबसाइटवर, नाव टाकलं तर त्याच नावाचे अकरा जण निघाले. एका थान्यात फोन लावला. "आप कौन?" विचारलं. त्याची आई आमच्याकडे काम करते म्हणून सांगितलं, तर "माँ को भेजो" म्हणून फोन ठेवला. आणि तिकडे गावातला एक माणूस मावशींच्या भावाला सांगून राहिला आहे की पाच हजार दे, कागद काढून देतो.

मला दोन गोष्टी कळायला हव्यात. कोणाला अटक झाली आणि कुठे ठेवलंय हे विचारायचा माझ्यासारख्या परक्या बाईला हक्क आहे का? आणि एफआयआर दिसत नाही म्हणजे अटक झालीच नाही असं समजायचं का?

---

छप्पनचा भाऊ

ताई, एफआयआर लगेच दिसेलच असं नाही. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितलंय की एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाका, आणि जिथे नेटवर्कची अडचण आहे तिथे जास्तीत जास्त ७२ तासांत. डोंगराळ भागातले थाने ही सवलत घेतात. पण तुमचे तर सहा दिवस झाले. आणि वय नक्की बघा. अठराच्या आतला असेल तर त्याचं नाव कुठेच दिसणार नाही. त्याला जेलमध्ये ठेवताच येत नाही, प्रकरण बाल न्याय बोर्डाकडे जातं. आधार नको, शाळेची मार्कशीट बघा.

---

सुदामानगरची ताई

मार्कशीट माझ्याकडेच आहे, कारखान्यात लागताना मीच झेरॉक्स काढली होती. एकोणीस पूर्ण आहेत.

---

रामबागची वकील

ताई, सगळ्यात आधी ते पाच हजार कोणालाही देऊ देऊ नका. ज्या माहितीसाठी तो माणूस पैसे मागतोय ती कायद्याने भिंतीवर लावायची असते. खाली सांगतेच.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण गाडी तिथेच अडली आहे. एफआयआर नाही म्हणजे अटक नाही, असं अजिबात नाही. हाटात, मेळ्यात, मिरवणुकीत झटापट झाली, कोणाला मोठी इजा नाही आणि तक्रार द्यायला कोणी पुढे आलं नाही, की आपल्याकडे पोलिस प्रतिबंधात्मक कारवाई करतात. जुन्या लोकांच्या तोंडी अजून "एक सौ इक्यावन" आहे, म्हणजे जुन्या फौजदारी संहितेचं कलम १५१. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात ते कलम १७० झालं. त्यात एफआयआर लिहिली जात नाही. थाना इस्तगासा, म्हणजे दंडाधिकाऱ्यासाठी लेखी अहवाल, तयार करतो, कलम १२६ आणि १३५ चा, जुना १०७-११६, आणि पोरांना नेतो कार्यपालिक दंडाधिकाऱ्यापुढे. म्हणजे एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) किंवा तहसीलदार. ई-कोर्ट्सवर जिल्हा न्यायालयांचे खटले दिसतात, तहसीलीतले नाहीत. तुम्ही एफआयआर शोधली, ई-कोर्ट्स शोधलं, आणि कागद पडलाय तहसीलच्या बस्त्यात. माझ्याकडे येणाऱ्या दर भगोऱ्यानंतरच्या आईबापांचं हेच होतं.

दुसरं, दिवस मोजा. संविधानाचा अनुच्छेद २२ सांगतो की अटक केलेल्याला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं, फक्त प्रवासाचा वेळ त्यातून वगळायचा. तुमचा मुलगा शुक्रवारी नेला. आज बुधवारी तो थान्यात असायलाच नको. तो सुटला असेल आणि फोन हरवला असेल, नाहीतर जेलमध्ये असेल. माझा अंदाज जेलचा आहे, आणि त्याचं कारण गुन्हा नव्हे. कलम १३५ ची चौकशी चालू असताना दंडाधिकारी शांतता राखण्याचं बंधपत्र मागू शकतो, जामीनदारासकट. ते देता आलं नाही तर देईपर्यंत कोठडी. एकोणीस वर्षांचा पोरगा, खिशात फोन नाही, घरी खबर नाही, तो जामीनदार आणणार कुठून? आणि खबर नाही म्हणून जामीनदार नाही, हेच चक्र मला वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त छळतं.

आता हक्काचं. त्याच संहितेचं कलम ३७ वाचा. प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक थान्यात एक अधिकारी नेमलेला असला पाहिजे, एएसआयच्या (सहायक उपनिरीक्षकाच्या) खालचा चालत नाही. अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि आरोपाचं स्वरूप सांभाळणं हे त्याचं काम, आणि ही माहिती प्रत्येक थान्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची आहे. ती नातेवाइकालाच दाखवावी असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. तेव्हा थान्याला पुन्हा फोन करू नका, जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला करा आणि कलम ३७ हे शब्द उच्चारा. "अटक केलेल्यांच्या यादीत हे नाव, या बापाचं, या फलियातलं, आहे का?" इतकंच विचारा. नुसत्या नावाने विचारलंत तर तुमच्या त्या अकरांपैकी भलताच कोणीतरी सांगतील.

मावशी स्वतः गेल्या तर त्यांच्या हातात याहून मोठं हत्यार आहे. कलम ४८ म्हणतं की अटकेची खबर नातेवाइकाला, मित्राला किंवा तो सांगेल त्या माणसाला ताबडतोब द्यायची, आणि कोणाला दिली याची नोंद थान्यातल्या वहीत करायची. त्यांनी शांतपणे एवढंच म्हणायचं: माझ्या मुलाची खबर कोणाला दिली ती नोंद दाखवा. अटकेचा मेमोही असतो, कलम ३६ चा. त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष लागते आणि खुद्द मुलाची सही.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज इथे उपयोगाचा नाही असं मी म्हणेन. दहा रुपयांत होतो हे खरं, आणि प्रश्न कोणाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर ३० दिवसांऐवजी ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं हेही खरं. पण तुम्हाला उत्तर आज हवंय.

वकिलाची फी देऊ नका. मावशी आणि मुलगा दोघेही अनुसूचित जमातीचे. विधी सेवा कायदा, १९८७ चा, त्याच्या कलम १२ प्रमाणे त्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि कोठडीतल्या माणसालाही मिळतो. १५१०० हा नंबर लावा, नाहीतर तिथल्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधिक सेवा प्राधिकरणाचं ऑफिस शोधा.

आणि कंट्रोल रूम, जेल, तहसील तिन्हीकडे नाव नाही असं निघालं, तर त्याच दिवशी मला इथे लिहा. मग ते प्रकरण हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात हेबियस कॉर्पसचं, म्हणजे माणसाला कोर्टापुढे हजर करा या याचिकेचं, आहे. आत्तापासून एका वहीत कोणाला कधी फोन केला, काय उत्तर मिळालं, हे वेळेसकट लिहून ठेवा.

---

विजयनगर३

चांगली माहिती. या निमित्ताने विचारतो. आमच्याकडे वरच्या मजल्यावर नवीन किरायेदार आलाय, तोही तिकडचाच. त्याचा पोलिस रेकॉर्ड असाच ऑनलाइन काढता येईल का? नावाने सर्च मारला तर झाबुआकडे एक केस दिसते आहे.

---

रामबागची वकील

भाऊ, किरायेदाराची सूचना पोलिसांकडे द्यायची रीतसर सोय आहे, ती वापरा. नावाच्या सर्चवरून कोणाबद्दलही काही ठरवू नका. वर ताईंना एका नावाचे अकरा मिळाले, तुमच्याकडचा त्या अकरांतलाही नसेल. आणि असला तरी एफआयआर म्हणजे कोणीतरी दिलेली खबर, निकाल नव्हे. ई-कोर्ट्सवर निकाल लागलेल्या खटल्यांचा वेगळा भाग आहे, तिथे किती जण निर्दोष सुटले ते बघा एकदा.

---

सुदामानगरची ताई

विजयनगरच्या भाऊंना हात जोडून सांगते, तुमचा प्रश्न वेगळा धागा काढून विचारा. मी दोन दिवस ते अकरा जण एकेक उघडून बघितले. प्रत्येकाच्या खाली "पिता" म्हणून एक नाव आहे आणि कुठला तरी फलिया आहे. प्रत्येकाची कोणीतरी मावशी असणार. ही नावं तिथे लावलीत ती माणूस हरवू नये म्हणून, असं मला तरी वाचता वाचता वाटलं.

वकीलताई, कंट्रोल रूमचा नंबर मिळाला. आता लावते.

---

निवृत्त मुंशी, महू

ताई, मी खात्यात ३१ वर्षं होतो, प्रधान आरक्षक म्हणून निवृत्त झालो. त्या बाजूच्या दोन थान्यांत मुंशीचं, म्हणजे नोंदी लिहिण्याचं, काम केलंय, म्हणून आतली बाजू सांगतो.

फोनवर तुम्हाला उत्तर दिलं नाही याचा राग येणं बरोबर आहे. मुंशीला पलीकडे कोण बोलतंय कळत नाही, आणि दोन गटांची मारामारी असेल तर दुसऱ्या गटाचा माणूसही "मी त्याचा मामा" म्हणून फोन करतो. पण "आईला पाठवा" म्हणून फोन ठेवणं चूक आहे. किमान "हो, इथे आहे" किंवा "इथे नाही" हे सांगायला हवं होतं. मी मुंशी असताना माझ्या टेबलावर एक कोरा कागद असायचा, बाहेरून आलेल्या बायका विचारतील म्हणून त्या दिवशी आणलेल्यांची नावं त्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचो. बऱ्याच जणींना वाचता येत नसे, मग वाचून दाखवायचं.

भगोऱ्याच्या बंदोबस्ताला दुसऱ्या थान्यांचाही फोर्स येतो. गाडी तिसऱ्याच थान्याची असू शकते, पण कारवाई ज्याच्या हद्दीत हाट आहे तोच थाना करतो. दोन थान्यांमध्ये टोलवाटोलवी झाली तर रोजनामचा, म्हणजे थान्याची रोजची नोंदवही, विचारा. पोलिस पार्टी थान्यातून निघाली की रवानगी आणि परत आली की वापसी, दोन्हींची वेळ रोजनामच्यात पडते. सात-आठ पोरं घेऊन पार्टी परत आली तर वापसीच्या नोंदीत ते आलंच पाहिजे. "शुक्रवारच्या हाटाच्या वापसीचा सान्हा क्रमांक (रोजनामच्यातल्या नोंदीचा नंबर) सांगा" असं विचारणाऱ्याला मुंशी नीट बसायला सांगतो, कारण त्याला कळतं की समोरच्याला आतलं माहीत आहे. अदम चेक काटला असेल तर तेही विचारा. दखलपात्र नसलेल्या मारहाणीची खबर त्यात लिहितात, आणि ती तुम्हाला एफआयआरच्या यादीत दिसणार नाही.

नावाचं वकीलताईंनी सांगितलं त्यात भर घालतो. मुंशी कानाने ऐकून लिहितो. भिलीतलं नाव हिंदीत एक, आणि तेच पुढे कॉम्प्युटरवर इंग्रजीत चढतं तेव्हा भलतंच होतं. शेवटचा आकार उकार बदलून दोन-तीन तऱ्हेने शोधा. फलियाचं नाव मात्र सहसा चुकत नाही, तिथल्या कॉन्स्टेबलला सगळे फलिये पायाखालचे असतात.

जाल तेव्हा मावशींच्या भावाला जमिनीची पावती घेऊन यायला सांगा, म्हणजे ऋण पुस्तिका. जामीनदार उभा करायचा तर तीच लागते. ती नसेल तर अख्खा दिवस फुकट जातो. आणि मावशींचं आधार कार्ड, जेलवर मुलाखतीला.

---

सुदामानगरची ताई (शनिवार सकाळ)

मंडळी, काल रात्री उशिरा परतलो. मुलगा सोबत आहे, आमच्याच ओसरीवर झोपलाय. सगळं लिहिते, कारण पुढे कोणाला तरी लागेल.

बुधवारी कंट्रोल रूमला कलम ३७ म्हटल्यावर पलीकडच्या माणसाने धरून ठेवायला सांगितलं आणि दोन-तीन मिनिटांत यादीत बघून उत्तर दिलं. चांगला बोलला. बापाचं नाव आणि फलिया जुळला. कलम १७०, शनिवारी तहसीलीत पेश, जामीन नाही म्हणून जेल. वकीलताई, शब्दन् शब्द तुमच्या अंदाजाप्रमाणे. मी फोन ठेवून मावशींना सांगितलं तर त्या काही बोलल्या नाहीत, पीठ मळायला बसल्या.

गुरुवारी गंगवालहून पहाटेची बस धरली. थान्याचं आणि तहसीलीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, मुलाची तारीख अजून बाकी आहे. विधिक सेवावाल्यांनी एक तरुण वकील दिली, एक पैसा घेतला नाही. तिने तहसीलीत रीडरबाबूंना अर्ज दिला, त्यांनी लाल कपड्याचा बस्ता सोडला आणि इस्तगासा काढला. एका कागदावर आठ नावं. सहाव्या नंबरवर तो. बापाच्या नावातलं एक अक्षर चुकलेलं, फलिया बरोबर, मुंशीकाका म्हणाले तसंच. मावशींना वाचता येत नाही. म्हणाल्या, "यात त्याचं कोणतं?" मी त्यांचं बोट धरून सहाव्या ओळीवर ठेवलं. बाबूंना पान उलटायचं होतं, पण मावशींनी बोट उचललं नाही. बाबूही थांबले, त्यांचे आभार.

मग अटकेचा मेमो बघितला. सही मुलाचीच, आठवीपर्यंत शिकलाय, नाव नीट काढतो. खाली रकाना होता, खबर कोणाला दिली. तिथे लिहिलंय "माता" आणि पुढे मोबाइल नंबर. मी तो नंबर ओळखते, आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. त्यात नऊच आकडे आहेत. शेवटचा चार राहिलाय. मी दोनदा मोजले, वकील मुलीनेही मोजले. मुलाला नंतर विचारलं तर तो म्हणाला, मी पूर्ण सांगितला होता, साहेबांनी एकदा लावला, लागत नाही म्हणाले.

गुरुवारी मामाची पावती कमी पडली, कारण तीवर नोंद मामाच्या वडिलांच्या नावाची होती. रात्री फलियात राहिलो. शुक्रवारी दुसऱ्या नातेवाइकाची पावती लावली, दहा हजारांचं बंधपत्र झालं, रिहाईचा कागद दुपारी जेलवर पोहोचला. फाटकातून आला तेव्हा अंगावर भगोऱ्यासाठी घेतलेला तोच हिरवा शर्ट होता, बाही खांद्यापासून उसवलेली. मावशींनी गुरुवारच्या भाकरी फडक्यातून काढल्या. कडक झाल्या होत्या, त्याने तिथेच रस्त्याच्या कडेला बसून खाल्ल्या.

वकीलताई, इस्तगासा आणि मेमो दोन्हींच्या नकलेचा अर्ज देऊन आलोय, सोमवारी मिळेल म्हणाले. त्या नऊ आकड्यांबद्दल लेखी द्यायचं आहे. ते एसडीएमना द्यायचं की एसपींना? मावशींची इच्छा आहे की द्यावं. त्या कागदावरच्या बाकी सात जणांचे नंबरही त्या वकील मुलीने बघितले. दोघांच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांचे फलिये मी वहीत उतरवून घेतलेत आणि मावशींच्या भाच्याला तिकडे पाठवलंय.

---

रामबागची वकील

एसपींना द्या, तहसीलीत त्याचीच एक प्रत लावा, आणि मेमोची नकल हातात आल्याशिवाय लिहू नका. मजकूर मी करून देते, नकल मिळाली की मावशींना घेऊन रामबागला या. त्या दोघांच्या घरच्यांनाही १५१०० चा नंबर पोहोचवा, जामीन झाला नसेल तर ते अजून आतच असतील.